खुर्चीवर बसलेली संतोक

जिची गोष्ट मी सांगायला बसले आहे तिला मी जिवंत कधी पाहिलेलं नाही. तिचा आवाज कसा होता, ती भांडकुदळ होती की गरीब गाय, मला ठाऊक नाही. ठाऊक आहे तो तिचा फोटो. आमच्या सावरकुंडल्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याची पहिली नजर जाईल अशा जागी तो टांगलेला आहे, आणि लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याच्याकडे बघून जळते आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? जळते म्हणजे जळते. आमच्यात म्हणतात, सवत पिठाची केली तरी वाईट. माझी तर कागदाची.

तिचं नाव संतोक. माझ्या नवऱ्याची आधीची बायको. मुलगा भूपत नुकता पावलं टाकायला लागला होता तेव्हा ती तापानं गेली, आणि वर्ष सरायच्या आत मी, जवेर, तिच्या चुलीसमोर येऊन बसले. भूपतला मीच वाढवला. मला स्वतःचं मूल झालं नाही. तो मला बा म्हणतो, म्हणजे आई, आणि त्याच्या बोलण्यात कधी सावत्रपणा आला नाही, हे देवाला स्मरून सांगते. नवरा लोहार, तराजू बनवायचे. ह्यांचा काटा कधी खोटा बोलला नाही असं सगळं गाव म्हणतं. काट्याचं राहू द्या. माणसाचं पुढे सांगते.

तर फोटो. अमरेलीच्या कुठल्याशा स्टुडिओतला. मागे पडद्यावर रंगवलेला महालाचा जिना, जणू आम्हा लोहारांचं रोज तिथं जाणं-येणं. संतोक खुर्चीवर बसलेली आणि हे शेजारी उभे. तुम्ही म्हणाल, मग त्यात काय? अहो, त्या काळातला कुठलाही जोडप्याचा फोटो बघा. पुरुष पाय फाकवून बसलेला, मिशा वर. बाई बाजूला उभी, पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि तेवढ्यात फोटो निघाला अशी. आमच्या अख्ख्या गल्लीत बाई बसलेली आणि नवरा उभा असा फोटो एकाच घरात, आमच्या! नवी नवरी म्हणून आले, पदर जरा वर केला, आणि पहिलं हेच दिसलं. मनात म्हटलं, हिला बसवली ह्यांनी. स्वतः उभे राहिले!

त्यात तिच्या मनगटावर घड्याळ. लोहाराच्या बायकोला घड्याळ कशाला हवं? लोखंड तापलं की नाही ते त्यात बघायचं होतं? मांडीवर पदर असा पसरलेला की जरीकाठाची वीत न् वीत दिसावी, आणि दोन्ही हातांत धरलेली फुलदाणी. राणीच की नाही! मी एकदाच धीर करून ह्यांना विचारलं, "ते घड्याळ कुठं आहे हो?" हे म्हणाले, "कुठलं घड्याळ?" आणि उठून भट्टीकडे गेले. मी दोन दिवस अबोला धरला. ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही. घणाच्या आवाजात बायको बोलते आहे की नाही ते कुठं कळतं?

आणि मला? मला ह्यांनी कधी स्टुडिओची पायरी चढू दिली नाही. सुरुवातीला मी मागे लागले, तेव्हा "बघू, बघू." पुढे लग्नकार्यात कुणी कॅमेरा काढला की ह्यांची हाक आलीच, "जवेर, आत चहाचं बघ जरा." माझा एकच फोटो आहे, निवडणुकीच्या कार्डावरचा, त्यात मी दरोडेखोर दिसते.

फोटो नाही, पण गळ्यात मात्र तिचं पगलं. लग्नातच नणंदेनं, ऊजमबेननं, ते काळ्या दोऱ्यात ओवून बांधलं. रुपयाएवढी चांदीची टिकली, तिच्यावर दोन पावलं कोरलेली. नवऱ्याची आधीची बायको मेलेली असली की नव्या बायकोनं तिची पावलं गळ्यात घालायची, म्हणजे तिचा जीव निवतो, नवीच्या संसारात लुडबुड करत नाही. नवं लुगडं आधी पगल्याला लावायचं, मग अंगाला. जेवताना पहिला घास तिच्या नावानं बाजूला. सोनार झोपेत होता की काय, दोन्ही पावलं डाव्याच पायाची, दोन्ही अंगठे एकाच अंगाला. मी रोज घास काढताना पुटपुटायची, "घे गं दोन डाव्या पायांचे, घे आणि गप बस." आणखीही पुष्कळ पुटपुटायची. ते चार माणसांत सांगण्यासारखं नाही.

गेल्या फाल्गुनात हे गेले. बाराव्याची तयारी सुरू झाली तेव्हा भूपतनं तो फोटो भिंतीवरून उतरवला आणि काच पुसत म्हणाला, "बा, बापूंचा फोटो मोठा करून लावायला हवा. हाच सगळ्यात चांगला आहे."

"दोघांचा?"

"दोघांचाच तर आहे."

"म्हणजे हार दोघांना. लोक पाया पडणार दोघांच्या. आणि मी खाली बसून दिव्यात तेल घालू."

"बा, असं काय बोलता?"

"असंच बोलते. एवढी वर्षं नवरा माझा होता. मेल्यावर तिला परत करायचा? उसना आणला होता काय?"

भूपतची बायको रसीला पोरगी हुशार. ती म्हणाली, "मग बापूंना त्यातून कापून घ्या ना. हल्ली कंप्यूटरवर माणूस इकडचा उचलून तिकडे ठेवतात."

भूपतचं तोंड एवढंएवढं झालं. "माझ्या आईचा हा एकच फोटो आहे गं."

"मग तुझ्या आईचा तुझ्या खोलीत लाव, रोज फुलं वाहा, मी कधी नाही म्हटलंय? पण ह्यांना तिच्या शेजारून काढ. ह्या भिंतीवर हे एकटे राहतील."

त्यानं काच पुन्हा एकदा पुसली. मग म्हणाला, "बरं." मी जिंकले. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी बाजरीचा रोटला मला गोड लागला.

बाराव्यापर्यंत विधवेनं उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून भूपतनं रज्जाक फोटोवाल्यालाच घरी बोलावलं. रज्जाक बापापासून ह्याच धंद्यातला. लग्नात कॅमेरा आणि तोंड दोन्ही एकदम चालवणारा. त्यानं फोटो चौकटीतून काढला, यंत्रावर ठेवून त्याची छबी उतरवली आणि आपला कंप्यूटर पाटावर ठेवून माझ्यासमोर उघडला. इतकी वर्षं धुरानं पिवळी पडलेली काच मधे होती. ती गेली आणि संतोक अशी समोर आली की मी जरा मागेच सरकले. दिसायला बरी होती. म्हणजे चांगलीच होती.

"काय फोटो आहे, माडी!" रज्जाक म्हणाला. आई म्हणावं तसं तो म्हाताऱ्या बायकांना माडी म्हणतो. "घड्याळ बघितलंत? स्टुडिओचं. माझ्या बापाच्या दुकानातही असंच होतं. चालायचं नाही. जो येईल त्याच्या मनगटाला बांधायचे. आख्ख्या अमरेली जिल्ह्यात म्हातारेकोतारे सगळे सव्वादहा वाजता बसलेत."

"तिचं नव्हतं?"

"कुणाचंच नव्हतं. ह्या काकांचा कोटही स्टुडिओचा. बाह्या बघा, बोटांपर्यंत आल्यात."

मला एकदम हलकं वाटलं. वाटलं, ह्या रज्जाकला आधीच बोलवायला हवं होतं. मी जरा पुढे सरकून म्हटलं, "आणि खुर्ची?"

"तीही स्टुडिओची."

"अरे खुर्ची कुणाची ते नाही विचारत मी! ही का बसली आहे आणि हे का उभे? तिला एवढं डोक्यावर का घेतलं होतं?"

रज्जाकनं फोटोकडे बघितलं, मग भूपतकडे, मग तो खाकरला. "माडी, पदर बघा कसा मांडीवर पसरलाय. आणि फुलदाणी बरोब्बर पोटासमोर दिलीय. बाई पोटुशी असली की फोटोवाले असंच करायचे. उभी केली तर दिसतं, आणि नजर लागते म्हणतात. तिला मान म्हणून नाही बसवली. झाकायला बसवली."

भूपत हळूच म्हणाला, "म्हणजे त्या वेळी मी…"

"तुम्हीच, भाई. ह्या फोटोत तुम्हीसुद्धा आहात."

भूपतनं डोळ्यांना पंचा लावला. रसीलाही नाक ओढायला लागली. आणि मला काय वाटलं ते सांगू? नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी वर्षं मला वाटत होतं, फोटोत दोघं आहेत. आता तिसराही निघाला, तोही माझ्या हातचा घास खाऊन वाढलेला! सगळं घर त्या चौकटीत आणि बाहेर मी एकटी.

"पुरे झालं कौतुक," मी म्हटलं. "ह्यांना कापायचं काय ते बघ."

"बघतो ना. आधी एक गंमत दाखवतो." रज्जाकनं काहीतरी दाबलं आणि तिचा गळा मोठा मोठा होत गेला. "जुन्या मोठ्या कॅमेऱ्याची करामत, माडी. मणी न् मणी मोजून घ्या."

गळ्यालगतची चांदीची हांसळी दिसली. तिच्याखाली मण्यांची माळ. माळेखाली काळा दोरा. दोऱ्यात एक टिकली, आणि टिकलीवर दोन पावलं. दोन्ही अंगठे एकाच अंगाला.

रसीला आधी बोलली. "बा, हे तर तुमचं."

माझा हात गळ्याशी गेला. बांगड्या उतरवल्या होत्या, पण पगलं काढायला कुणी सांगितलं नव्हतं, ते तिथंच होतं. मी ते पदराबाहेर काढलं आणि कंप्यूटरच्या पडद्याजवळ धरलं. तीच टिकली, तोच झोपाळू सोनार, तेच दोन डावे पाय. पण संतोकच्या गळ्यात संतोकचीच पावलं कशी असतील? जिवंत बाई स्वतःचं पगलं घालत नाही. पगलं घालते ती दुसऱ्या कुणाच्या जागी आलेली बाई.

मी उठले ती तडक आतल्या खोलीत. ऊजमबेन भिंतीला टेकून दातांना तपकीर लावत बसल्या होत्या. ह्यांची मोठी बहीण. आता डोळ्यांनी अधू, पण जिभेनं नाही.

"ऊजमबेन, संतोकच्या गळ्यात कुणाचं पगलं आहे?"

त्यांचं बोट दातावरच थांबलं. "कुणी सांगितलं?"

"तिनंच. फोटोत घालून बसली आहे."

"जाऊ दे ना जवेर. गेलेल्या माणसांचं आता कशाला?"

"गेलेल्यांचंच विचारते. जिवंतांचं मला सगळं माहीत आहे."

त्यांनी डबी मिटली. डबी मिटायला त्यांना फार वेळ लागला. मग म्हणाल्या, "कडवी नाव होतं. राजुल्याकडची. नजर लागू नये म्हणून आईबापांनी कडवी ठेवलं होतं. माझ्या भावाची, वालजीची, पहिली ती. एक पावसाळा नांदली. गवताच्या भाऱ्यात साप होता. मग संतोक आणली."

"मग मला संतोकच पहिली म्हणून का सांगितली?"

"तर काय करणार होतो? संतोकही गेली. लोक बोलायला लागले, वालजीच्या घराला बायका पचत नाहीत. तिजवराला मुलगी कोण देतो? मांडीवर आईवेगळं पोर. तुझ्या बापाला आम्ही एकच मेलेली सांगितली. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना मी शपथ घातली, तुझ्यापुढे कडवीचं नाव काढायचं नाही."

"आणि रुई? दोन बायका मेलेल्यानं तिसऱ्यांदा आधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचं असतं, म्हणजे पुढचं अरिष्ट झाडावर जातं. तेवढंही केलं नाहीत?"

"केलं की! तुझी वरात उशिरा आली होती, आठवतं? बैलगाडीचा आस मोडला म्हणून सांगितलं होतं. आस कुठला मोडायला! वाटेत बांधावर रुईशी लग्न लावत होतो."

"म्हणजे मी तिसरीसुद्धा नाही! मी चौथी! झाडाच्याही नंतरची!"

ऊजमबेनना हसू आलं, पण त्यांनी ते पदरात दाबलं. मला नाही आलं. मी विचारलं, "आणि संतोकच्या नावाचं पगलं?"

"नवं करायचं तर सोनाराला सांगावं लागणार, हे दुसऱ्या मेलेलीचं. सोनाराला सांगितलं म्हणजे तुझ्या सगळ्या नात्यागोत्याला सांगितलं. घरात एक होतंच. तेच दुधानं धुतलं आणि तुझ्या गळ्यात बांधलं. पावलं ती पावलंच, म्हटलं."

"संतोकला कडवीचं माहीत होतं?"

"तिला तर सांगूनच आणली होती. पलीकडच्याच गावची ती, लपवणार कसं?"

ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला माहीत होतं! तिच्याशी हे घर खरं बोललं. ह्यांनी रात्री कधी तिच्याजवळ कडवीचं नाव काढलं असेल, तिनं ऐकलं असेल. आणि माझ्याशी अख्खा जन्म मूग गिळून बसले. ज्यांचा काटा कधी खोटा बोलला नाही ते!

"मला एकदाही स्टुडिओत नेलं नाही ते का, तेही सांगून टाका," मी म्हटलं. "आज सगळंच ऐकते."

"तो फोटो काढून आणला आणि दोन वर्षांत संतोक गेली. त्याच्या डोक्यात तेच बसलं. तू आलीस त्या दिवशी मला म्हणाला, बेन, जवेरला कॅमेऱ्यासमोर येऊ द्यायचं नाही. ही पण गेली तर मी कुठं जाऊ?"

"हे मला सांगायला जीभ झडली होती ह्यांची?" मी ओरडले, आणि मग रडले. आल्यागेल्यासमोर रीतीनं रडत होते ते वेगळं. हे रडणं आतून, कुठून तरी भलतीकडून आलं. ऊजमबेन माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, तपकिरीचाच हात.

रडून झालं आणि डोकं चालायला लागलं. म्हणजे मी इतकी वर्षं जो घास काढत होते तो संतोकला पोचलाच नाही. घास गेला कडवीला. चांदी कडवीची, पावलं कडवीची, नव्या लुगड्याचा पहिला मान कडवीचा. संतोकच्या वाट्याला काय? माझ्या शिव्या. त्या तेवढ्या नावानिशी, न चुकता पोचल्या. तिच्या नावानं ना कुणी टिकली घडवली, ना कुणी घास काढला. जिवंत होती तेव्हा तीही माझ्यासारखीच पाटावर बसून दुसरीसाठी घास काढत असणार. तिच्याही पोटात दुखत असेल. कडवीचा तर फोटोही नाही. चेहराच माहीत नसलेल्या बाईवर जळायचं म्हणजे किती अवघड! माझ्यापुढे निदान खुर्ची होती, घड्याळ होतं.

मी बाहेर आले. रज्जाक चहा पीत होता. भूपत माझ्याकडे बघून उभाच राहिला. आतलं बरंचसं त्याला ऐकू आलं असणार.

"कापू नका," मी म्हटलं. "दोघांचाच लावा."

"बा, खरंच? नंतर म्हणाल…"

"नंतर काही म्हणत नाही. तिला ह्या घरातून तेवढंच तर मिळालंय. आणि लोकांनी विचारलं तर सांग, ही तुझी आई संतोक, मधली. थोरलीचं नाव कडवी. सगळ्यांना सांग. सोनारालासुद्धा."

भूपत खाली वाकून माझ्या पाया पडला. मलाच माझं कौतुक वाटलं. वाटलं, जवेर, सुटलीस बाई. एवढ्या वर्षांचा निखारा आज विझला.

"बरं झालं, माडी," रज्जाक कप खाली ठेवत म्हणाला. "मी सांगणारच होतो, काकांना नीट कापता येत नव्हतं."

"का बरं?"

"हात मधे येतो ना." त्यानं कंप्यूटर माझ्याकडे वळवला. "हा उजवा हात. आपल्याला वाटतं, त्यांनी तो पाठीमागे घेतलाय. पण नाही. खुर्चीच्या मागून तो पुढे आलाय, हे बघा, तिच्या पदराच्या काठाखालून. बोटं तिच्या खांद्यावर आहेत. काकांना उचललं की हात मनगटापर्यंत येतो, बोटं तिच्याकडेच राहतात."

मी बघितलं. चार बोटं. घणानं चेपलेलं तर्जनीचं नखसुद्धा ओळखू येत होतं. ज्या काळात नवरा आईसमोर बायकोकडे मान वर करून बघत नसे त्या काळात, परक्या फोटोवाल्याच्या डोळ्यांदेखत! आणि तो हात वरवर ठेवलेला नव्हता, घट्ट धरलेला होता. संतोकच्या तोंडावर काही नाही, ती आपली कॅमेऱ्यात बघते आहे, पण तिला ते कळत होतंच ना.

माझ्या खांद्यावर ह्यांनी कधी हात ठेवला नाही असं नाही. ठेवला. पुष्कळदा ठेवला. पण दार लावून.

"बंद कर ते," मी रज्जाकला म्हटलं, आणि भूपतकडे वळले. "आणि तू ऐक. फोटो उंच लाव. छताला टेकला तरी चालेल. मला खालून ती बोटं दिसता कामा नयेत."